पाय टेकतात ना?

आपल्याकडे मोटारसायकल विकत घेताना गिऱ्हाइकाची एकच शारीरिक परीक्षा होते. सेल्समन गाडी स्टँडवरून काढतो आणि म्हणतो, "बसा साहेब. पाय टेकतात ना?" टेकले की पास. बुटक्या माणसाला ही परीक्षा जड जाते. तो चवड्यांवर उभा राहतो, हळूच एका कुशीला कलतो, जाड तळव्याचे बूट घालून येतो. लांब ढांगांच्या माणसाचे मात्र चवडे टेकतात, टाचा टेकतात, वर सीट आणि त्याच्यामध्ये थोडी हवाही खेळते. सेल्समन खूश होतो. "तुम्हाला काय साहेब, कुठलीही गाडी चालेल!" सहा फुटांवरच्या माणसाने हे वाक्य कानी पडताच नमस्कार करून घरी जावं. पण आयुष्यभर माळ्यावरचे डबे काढून देण्यापलीकडे उंचीचं कौतुक न झालेला तो बिचारा सुखावतो आणि बुकिंगचे पैसे भरतो.

पाय टेकण्याचा संबंध सिग्नलशी आहे, प्रवासाशी नाही. पुण्याहून पणजीला निघालात, तर साडेचारशे किलोमीटरमध्ये पाय जमिनीला लागतात ते सिग्नलला, चहाच्या टपरीवर आणि एखादी म्हैस रस्ता ओलांडायचा की नाही याचा विचार करत असताना. उरलेले आठ-दहा तास ते फुटरेस्टवर असतात. परीक्षा दहा मिनिटांच्या कामाची आणि नेमणूक दहा तासांच्या कामावर, असा हा प्रकार आहे.

कंपन्यांच्या माहितीपत्रकातही हाच न्याय. सीट जमिनीपासून किती उंच, हे तिथे मिलिमीटरमध्ये छापलेलं असतं. अ‍ॅव्हेंजर क्रूझची ७३७, मीटिऑर ३५० ची ७६५, क्लासिक ३५० ची ८०५, २०२० साली आलेल्या केटीएम ३९० अ‍ॅडव्हेंचरची ८५५ आणि एक्सपल्सच्या प्रो मॉडेलची तर ८९१. बोअर किती, स्ट्रोक किती, टॉर्क कितव्या आरपीएमला, सगळं असतं. नसतं ते सीटपासून फुटरेस्टपर्यंतचं अंतर. म्हणजे ज्या जागेत तुमचा पाय घडी होऊन दिवसभर राहणार, तिची मापं तेवढी गुप्त.

यावर कोणी म्हणेल, सोपं आहे, जास्तीत जास्त उंच सीटची गाडी घ्या. हा भाबडा समज आहे. अ‍ॅडव्हेंचर गाडी उंच असते ती खालच्या दगडधोंड्यांपासून इंजिन वाचवायला. सीट वर जाते तसे फुटरेस्टही वर जातात. माणूस अख्खाच्या अख्खा वरच्या मजल्यावर राहायला जातो. जागा तेवढीच, वन बीएचके. उलट बुटक्यांची म्हणून समजली जाणारी क्रूझर लंबूला कधी कधी बरी पडते, कारण तिचे फुटरेस्ट पुढे असतात आणि पाय समोर पसरता येतात. फक्त त्या बसण्यात अंगाचा भार पायांवर न येता सगळा माकडहाडावर येतो. गुडघे सुखी, माकडहाड दुःखी. मोटारसायकलवर सुख वाटून घ्यावं लागतं.

यात कंपन्यांचा दुष्टावा नाही. भारतीय पुरुषाची सरासरी उंची साडेपाच फुटांच्या आसपास आहे, आणि गाडीचा आराखडा काढणारे तो माणूस डोळ्यांसमोर ठेवूनच बसतात. आपण त्याला श्री. सरासरे म्हणू. सरासऱ्यांचे गुडघे टाकीच्या खोबणीत बरोबर बसतात. सरासऱ्यांच्या कोपराला हवा तेवढाच बाक मिळतो. काच सरासऱ्यांच्या छातीवरचा वारा अडवते, आरशात सरासऱ्यांना मागचा ट्रक दिसतो. लंबूला त्याच आरशात स्वतःची कोपरं दिसतात आणि त्याचे गुडघे टाकीच्या वरच्या कडेला दोन्ही बाजूंनी असे बाहेर येतात की मागून पाहणाऱ्याला रस्त्यावरून नाकतोडा चालल्याचा भास होतो. एका लोकप्रिय गाडीला तर टाकीच्या दोन्ही बाजूंनी सामान बांधायला लोखंडी चौकट दिली होती. तिचा कोपरा नेमका लंबूच्या नडगीच्या वर, गुडघ्याच्या वाटीला यायचा. सरासऱ्यांना ती चौकट आहे हेही आठवत नसेल.

गुडघा काटकोनापेक्षा जास्त दुमडून तासभर राहिला की शरीर टप्प्याटप्प्याने निषेध नोंदवतं. आधी पावलाला मुंग्या येतात, मग मांडी भरून येते, मग कंबर बोलू लागते. साताऱ्यापर्यंत माणूस गप्पा मारतो, कऱ्हाडला निसर्गाबद्दल बोलणं थांबतं, कोल्हापुरात उतरल्यावर तो काही क्षण गाडीवर बसलेल्याच आकारात उभा असतो. मिसळवाला त्याला आजोबा म्हणतो.

आता उपाय. पहिला उपाय सगळ्यांना सुचतो: सीट एक इंच वर घ्यायची. पुण्यात असाल तर पावलं आपोआप नाना पेठेकडे वळतात. दुचाकीचा सुटा भाग ब्रह्मदेवाकडे नसला तरी नाना पेठेत असतो, असा इथला विश्वास आहे. सीटवाला एकदा गाडीकडे आणि एकदा तुमच्याकडे खालून वर पाहतो.

"किती घेऊ वर?"

"इंचभर."

"मऊ टाकू का कडक?"

या प्रश्नाला शंभरातले नव्वद जण "मऊ" असं उत्तर देतात आणि तिथेच फसतात. मऊ फोम अंगठ्याने दाबून पाहायला फार छान. पण त्यावर ऐंशी किलोचा माणूस बसला, की खंबाटकीच्या घाटापर्यंत त्याचा पापड होतो. पैसे दिलेला इंच पैसे देणाऱ्याच्याच वजनाखाली गायब होतो. लांबच्या प्रवासाला दाट, कडक फोमच लागतो. पहिले दोन दिवस तो शत्रू वाटतो आणि नंतर कधीच वाटत नाही. नात्यातही अशी माणसं असतात, पण तो विषय वेगळा.

सीटवाल्याला सांगायची खरी गोष्ट दुसरीच असते. पुढची आणि मागची सीट जिथे मिळते तिथे एक पायरी असते. ती श्री. सरासऱ्यांची पाठराखण करते आणि लंबूला मागे सरकू देत नाही. ती पायरी दोन इंच मागे ढकलून घेतली, तर इंचभर उंचीने होत नाही तेवढं काम होतं. मांडीला लांबी मिळते, गुडघा टाकीच्या कडेवरून सुटतो. मात्र हे दोन इंच कुठून तरी येतात. ते मागच्या माणसाचे असतात.

"अहो, मला बसायला जागा ठेवलीय का मी आपली एसटीनं येऊ?" हा प्रश्न ज्या घरात विचारला गेला नाही, त्या घरात लंबू अविवाहित आहे असं समजावं. तिची तक्रार रास्त असते. आधीच त्या पाठीमागे बसून तिला महाराष्ट्रातले सगळे घाट म्हणजे जॅकेटवरची धुण्याच्या सूचनांची पट्टी एवढेच माहीत झालेले असतात. आणि तिच्या बाजूने कायदा आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला १२३ वा नियम मागे बसणाऱ्याची फार काळजी घेतो. धरायला कडी हवी, पायाला फुटरेस्ट हवेत, चाकात कपडा जाऊ नये म्हणून निम्म्या चाकाला आडोसा हवा. पुढे बसणाऱ्याच्या गुडघ्यांबद्दल त्यात अक्षर नाही.

तरी आपण धरून चालू की घरात तह झाला आणि कडक फोमचा इंच सीटखाली कायमचा राहायला आला. आता त्या इंचाचे पराक्रम सुरू होतात. मोटारसायकलवर सीट, फुटरेस्ट आणि हँडल यांचा एक त्रिकोण असतो. त्याचा एक कोपरा हलवला की बाकीचे दोन रुसतात. तुम्ही इंचभर वर गेलात, म्हणजे हँडल इंचभर खाली गेलं. गुडघे शांत झाले, पण तुम्ही वाकून बसू लागलात. मनगटं आणि मान दुखू लागली.

मग हँडलखाली रायझर येतात. अ‍ॅल्युमिनियमचे दोन ठोकळे, आत लांब बोल्ट. हँडल वर येतं, थोडं जवळ येतं, माणूस ताठ बसतो, घरचे म्हणतात आता रुबाबदार दिसतोस. इथवर ठीक. पण क्लचची केबल, एक्सलरेटरची केबल आणि ब्रेकचा पाइप हे श्री. सरासऱ्यांच्या हँडलच्या मापाने कापलेले असतात. रायझर बसवल्यावर पार्किंगमध्ये हँडल पूर्ण वळवलं की ताणलेली केबल स्वतःच रेस देते आणि गाडी आपल्या मनाने सोसायटीच्या तुळशी वृंदावनाकडे निघते. म्हणून रायझर लावल्यावर इंजिन चालू ठेवून, गाडी डबल स्टँडवर असताना, हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत वळवून बघायचं. आवाज बदलला तर केबलचा मार्ग बदलायचा किंवा लांब केबल टाकायची. ब्रेकचा पाइप ताणलेला दिसला तर मात्र रुबाब बाजूला ठेवून रायझर काढायचे.

केबल झाली. इंच आता डोक्याकडे निघतो. सीट वर, पाठ ताठ, म्हणजे हेल्मेट पूर्वीपेक्षा दोन-तीन इंच वर. पुढच्या काचेवरून येणारा वारा काचेच्या कडेला फाटतो आणि त्याचे भोवरे होतात. ते श्री. सरासऱ्यांच्या डोक्यावरून निघून जातात आणि लंबूच्या हेल्मेटवर येऊन आपटतात. ऐंशीच्या वेगाला डोकं थरथरतं, समोरची पाटी दोनदा दिसते, कानात अखंड भोंगा वाजतो. उपाय दोन आहेत आणि ते एकमेकांच्या नेमके उलटे आहेत: काच आणखी उंच करायची, म्हणजे भोवरे डोक्यावरून जातील, किंवा काच काढूनच टाकायची, म्हणजे सरळ, स्वच्छ वारा अंगावर येईल आणि भोवरे होणारच नाहीत. पैसे खर्च करणारे पहिला उपाय करतात, पैसे संपलेले दुसरा. दोघेही समाधानी असल्याचं सांगतात.

काही जण इंच वर न नेता खाली नेतात. म्हणजे सीट तशीच ठेवून फुटरेस्ट खाली घेतात. गुडघ्याच्या दृष्टीने हिशोब तोच, आणि घरात तह करावा लागत नाही. पण फुटरेस्टच्या पाठोपाठ गियरचा लिव्हरही खाली घ्यावा लागतो, नाहीतर प्रत्येक गियरला पाऊल वर उचलावं लागतं. पलीकडे ब्रेकचं पेडल खाली घ्यावं लागतं. पेडल हललं की ब्रेकलाइटचा स्विच जुळवावा लागतो. तो राहून गेला तर मागचा दिवा कायम पेटलेला राहतो आणि मागून येणारे ट्रकवाले तुमच्यापासून आदराने लांब राहतात. शिवाय आंबोलीच्या घाटात गाडी वळणावर झुकली की खाली आलेला फुटरेस्ट रस्त्याला घासतो. ठिणग्या उडतात. मागच्या मित्रांना वाटतं हा काय चालवतो! याला वाटतं, आता बूट झिजले.

बुटांचीही कथा आहे. ज्याच्या ढांगा लांब त्याची पावलं लहान कशी असतील? अकरा नंबरचा जाड रायडिंग बूट गियरच्या लिव्हरखाली शिरतच नाही. दुसऱ्यातून तिसरा टाकण्याआधी पाऊल तिरकं करून वाट काढावी लागते. रायडिंग पँटमधला गुडघ्याचा गार्ड उभं असताना गुडघ्यावर आणि बसल्यावर मांडीवर असतो. म्हणजे पडायचंच झालं तर उभ्याने पडावं, अशी कंपनीची अपेक्षा दिसते. म्हणून पँट घेताना दुकानात गाडीवर बसून बघावी आणि गार्ड खाली सरकवता येतो का ते विचारावं. रेनकोटच्या पँटीबद्दल न बोललेलं बरं. ताम्हिणीच्या पावसात ती पोटरीपर्यंत इमानदारीने काम करते आणि पुढचं सगळं पाणी बुटात सोडते.

आता या सगळ्यावर तोडगा म्हणून लेगगार्डवर लावायचे जादा फुटरेस्ट मिळतात. सरळ रस्त्यावर पाय पुढे पसरून त्यावर ठेवायचे. सुख आहे, यात वाद नाही. पण त्या सुखात उजवा पाय मागच्या ब्रेकपासून हातभर लांब असतो, म्हणून ते फक्त मोकळ्या, सरळ रस्त्यावरच घ्यायचं. महाराष्ट्रातले असे दोन रस्ते म्हणजे मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे आणि ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग. दोन्हींवर दुचाकीला बंदी आहे. पाय पसरायला उरतात ते जुने हायवे, जिथे दर फर्लांगावर गतिरोधक, रिक्षा किंवा आडवी गेलेली वरात असते. पाय पुढे ठेवेपर्यंत मागे घ्यायची वेळ येते. व्यायाम मात्र उत्तम होतो.

जगातल्या मोठ्या माणसांचीही यातून सुटका नाही. शर्यतींचा बादशहा व्हॅलेंटिनो रॉसी जवळजवळ सहा फुटांचा आहे. लहानखुऱ्या रायडरांच्या त्या दुनियेत ही उंची भरपूरच. वळणाआधी जोरात ब्रेक मारताना तो आतला पाय फुटरेस्टवरून काढून हवेत सोडायचा. पुढे बाकीचेही तसं करू लागले. त्यात समतोल आहे की वाऱ्याचा अडथळा, की नुसतीच सवय, यावर जाणकारांनी बरीच चर्चा केली. कुठल्याही लंबूला विचारलं असतं तर त्याने एका वाक्यात सांगितलं असतं: पाय अवघडला असेल.

पैसा ओतूनही प्रश्न सुटतोच असं नाही. बीएमडब्ल्यूने २०२० साली आर १८ नावाची १,८०२ सीसीची भलीमोठी क्रूझर आणली. क्रूझर म्हटलं की पाय पुढे. पण बीएमडब्ल्यूच्या त्या इंजिनाचे दोन सिलिंडर गाडीच्या दोन्ही बाजूंनी आडवे बाहेर आलेले असतात, नेमके तिथे, जिथे पाय पसरायचे. त्यामुळे फुटरेस्ट मध्येच द्यावे लागले. महागड्या क्रूझरवर बसून नडगी सिलिंडरला न लागू देण्याचं कौशल्य त्या मालकांना शिकावं लागतं. मुंग्या त्यांनाही येतात, फक्त जर्मन.

राहिला प्रश्न हवालदारसाहेबांचा. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार नोंदणीतला मूळ तपशील बदलेल असा फेरफार गाडीत करता येत नाही. सुदैवाने नोंदणीत इंजिन नंबर, चॅसिस नंबर, रंग, चाकांमधलं अंतर असं काय काय असतं, पण सीटमधल्या फोमची जाडी नसते. तेव्हा फोमला हात लावा, चॅसिसला नको. वेल्डिंगवाला कितीही आत्मविश्वासाने म्हणाला, "दादा, मागची फ्रेम कापून लांब करून देतो," तरी त्याचे आभार मानून गाडी तिथून काढावी. आणि नाही काढता आली, तर ढकलत न्यावी.

या सगळ्या खर्चाच्या आधी करायचे काही फुकटचे उपाय आहेत, म्हणून ते कोणी करत नाही. हँडलचा क्लॅम्प ढिला करून हँडल थोडं पुढे-मागे फिरवता येतं. गियरचा लिव्हर एक दातरा वर-खाली सरकवता येतो. चालत्या गाडीवर मोकळा रस्ता बघून अधूनमधून फुटरेस्टवर उभं राहता येतं. आणि दर तासाला उतरून पाच मिनिटं चालता येतं. हा शेवटचा उपाय सर्वांत गुणकारी आहे आणि सर्वांत अवघडही, कारण ग्रुपमधल्या सरासऱ्यांना थांबायचं नसतं. "आत्ताच तर निघालो!" असं ते म्हणतात. त्यांच्या दृष्टीने खरंच असतं.

आणि एक माप घरीच घेऊन ठेवा. नुसत्या उंचीला अर्थ नाही. एकाच उंचीच्या दोघांपैकी एकाचं धड लांब असतं, दुसऱ्याच्या ढांगा. भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, मांड्यांमध्ये जाड पुठ्ठ्याचं पुस्तक वर रुतेपर्यंत धरायचं आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत टेप लावायची. कवितासंग्रह चालत नाही, जाडी पुरत नाही. हे माप घेताना खोलीचं दार लावून घ्यावं, म्हणजे खुलासे करावे लागत नाहीत.

तेव्हा लांब ढांगांच्या बंधुभगिनींनो, शोरूममध्ये जाल तेव्हा टेप खिशात ठेवा. सेल्समनला गाडी डबल स्टँडवर लावायला सांगा, डबल स्टँड नसेल तर दोघांना धरायला सांगा. दोन्ही पाय फुटरेस्टवर ठेवून चांगली वीस मिनिटं बसा; चहा विचारला तर तिथेच प्या. सीटपासून फुटरेस्टपर्यंतचं अंतर स्वतः मोजा आणि सेल्समनकडून लिहून घ्या. कंपन्यांनाही विनंती आहे की टॉर्कच्या आकड्याशेजारी ही एक ओळ छापावी, शाईचा खर्च फार येणार नाही. सेल्समन कंटाळेल, मागचं गिऱ्हाईक कुरकुरेल, बरोबर आलेले मेहुणे घड्याळ बघतील. बघू द्या. हप्ते तुम्ही भरणार आहात आणि गुडघेही तुमचेच आहेत. हप्ते निदान पाच वर्षांत संपतात.